हनुवटीनं दाखवलेली जागा

साल दोन हजार चोवीस. मी कागदावर चौऱ्याहत्तर वर्षांचा, आणि मंगरू, तू माझ्यापेक्षा लहान. हे आज लिहूनच टाकतो, कारण आता तू उठून "कोन लहान गा?" म्हणणार नाहीस. तुझं म्हणणं असं की मोठ्या तलावाची पाळ फुटली तेव्हा तू चालत होतास आणि मी मायच्या कडेवर होतो. हे तुला सांगितलं तुझ्या मायनं. माझी माय बरोबर उलटं सांगायची. दोघी गेल्या, साक्ष कोणाची काढायची? जन्मभर भांडलो आपण यावर. आता मी एकटाच उरलो, तर मीच मोठा. बोल काय बोलायचं ते.

बोलत नाहीस.

हेच मला जमत नाही. तुझ्या घरापुढून जाताना मी अजून खाकरतो. तुला कळावं म्हणून खाकरायचो, तशी घशाला सवय लागली. आतून "ये गा मासोळीवाले" असं येत नाही. मी तसाच पुढे जातो, आणि पुढे तर माझं काही कामच नसतं. रस्ता तुझ्या घरापाशी संपतो, त्यापुढे नुसतं जंगल. मग वळून परत यायचं. पोरं पाहतात. पाहू दे.

मी चौथीपर्यंत शिकलो, तू तेवढाही नाही. म्हणून मी काही लिहायला बसलो की तू म्हणायचास, "लिह लिह, मास्तर. मले मंग वाचून दाखव, मी चुका सांगतो." या लिहिण्यातल्या चुका सांगायला तू नाहीस, तेव्हा आहे हे असंच राहील.

मुलगा ऊर्जानगरहून फोन करतो. "बाबा, एकटे कायले राह्यता तिथी? इकडे या." गेलो होतो मागे एकदा, तुला ठाऊक आहे. तिसऱ्या माळ्यावर खुर्ची टाकून दिली. खाली कंपनीच्या बसा यायच्या, माणसं उतरायची, माणसं चढायची. कोणाशी भांडावं? सून चांगली आहे, नातू चांगला आहे, सगळे चांगले आहेत. परत आलो तेव्हा तू पाळीवर बसला होतास. म्हणालास, "आला? मले वाटलं तिथंच मेला." इतकं बरं वाटलं मला.

तुझी माझी गाठ खरी पडली ती पायामुळे. तसा तू वरच्या टोल्यावरचा, म्हणजे वरच्या पाड्यावरचा, गोंडाचा पोरगा आणि मी तलावाखालच्या ढिवर मोहल्ल्यातला, एकमेकांना लहानपणापासून पाहत होतो, पण पाहत होतो इतकंच. मग तरणेपणी माझ्या टाचेला कुरूप झालं. मासेमाराला टाच गेली म्हणजे सगळं गेलं. चिखलात पाय रोवता येईना, जाळं ओढता येईना. धानोऱ्याच्या बाजारात लंगडत चाललो होतो, मागून आवाज आला, "असा बदकावानी काऊन चालते गा तू?" मी उलट शिवी दिली. तू ती ऐकून घेतलीस आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन बसलास. झोळीत एक पांढरा कांदा, नारळाएवढा. कोलकांदा. चुलीतल्या राखेत भाजलास, मधून फोडलास आणि कढत कढत माझ्या टाचेखाली धरलास. मी ओरडलो. तू माझा पाय सोडला नाहीस. बरेच दिवस रोज आलास, रोज तेच. कुरूप गळून पडलं. मी तुला मोठा मरळ मासा दिला, तू घेतलास. कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. ते आज मानतो म्हटलं तरी तू हसशील.

त्यानंतर मला त्या कांद्याचं वेड लागलं. औषधाचं नव्हे. मला तो पाहायचा होता. तू मला डोंगरीवर नेलंस, उन्हाळा होता, सगळं वाळलेलं. त्या वाळल्या मातीतून नुसता एक दांडा उभा, माझ्या कमरेइतका, एक पान नाही अंगावर, आणि वर बारीक फुलं. मी विचारलं, "पानं कोनं खाल्ली?" तू म्हणालास, "पानं पावसात येतीन. फूल आता. दोघं एका घरी राहत नाईत." मी म्हटलं, "मंग हे कसलं झाड? भांडलेलं दिसते." तू म्हणालास, "आपल्यासारखं."

आणि मी तिकडे बोट दाखवून काही विचारायला गेलो तर तू माझ्या हातावर चापट मारलीस. जोरात. आजही आठवते. "बोट नाई दाखवाचं. वाघाले नाई अन् ह्याले नाई." मग दाखवायचं कसं? तू हनुवटी वर केलीस, जरा पुढे काढलीस, तिकडे. असं. बोट दाखवलं की कांदा जमिनीत खाली सरकतो, असं तुझं म्हणणं. मी हसलो. पण नंतर पाहिलं, तू माणसाकडे बोट करायचास, तलावाकडे करायचास, सरकारी गाडीकडे तर करायचासच, पण या कांद्याकडे कधी नाही. दुसरी कंदमुळं खोदायचास, मुसळी खोदायचास, त्यांना हा मान नव्हता.

खोदायची रीत पण तुझीच. गावाचा पंडुम, म्हणजे त्या हंगामाचा सण, झाल्याशिवाय सब्बल, ती लोखंडी पहार, जमिनीला लावायची नाही. झुबक्यात जी माय असेल, सगळ्यात मोठी, तिला हात लावायचा नाही. बाजूचं एखादं लेकरू उचलायचं. मग माती ओढून घ्यायची आणि टाचेनं दाबायची. मी एकदा हातानं थापटायला लागलो तर म्हणालास, "टाच दे, टाच. ज्या टाचेसाठी घेतलं ती दाखव त्याले." मी म्हटलं, "त्याले डोये हायेत का?" "तुले हायेत ना, तरी दिसत नाई. त्याले नसून दिसते."

मग पिकअपवाले आले.

कोण होते, कुठले होते, मला ठाऊक नाही. एक पांढरी गाडी, दोन माणसं, गोड बोलणारी. म्हणे औषधाच्या कारखान्याला लागतो, पोत्यानं आणा. परवाना नाही, पावती नाही. आजूबाजूच्या गावांतली माणसं लागली खोदायला. त्यांना तरी काय म्हणावं, उन्हाळ्यात हाताला काम नसतं. माय नाही, लेकरू नाही, जे निघेल ते. आपण दोघं त्या डोंगरीवर गेलो तेव्हा रानडुकरांचा कळप रात्रभर फिरून गेल्यासारखी जमीन दिसत होती. तू खाली बसलास. एक सुटलेली मुळी उचललीस, फुंकर मारून माती उडवलीस आणि खिशात टाकलीस. घरी येईपर्यंत तू पुढे चालत होतास. मीच बोलत होतो. मला राग आला की मी बोलतो.

त्या वर्षी ग्रामसभेत मी उठलो. गावाला जंगलाचा हक्क मिळाला होता, राखायचं आपल्याच हातात होतं. मी म्हटलं, कोलकांदा जिथे जिथे उरला ती जागा सांगा, सारं लिहून काढू, पाट्या लावू, गावाची नजर राहील. तू खालीच बसून होतास, कानावर बिडी.

"चोरायले आवतन धाडाचं असन तर पत्रिकाच छापा," तू म्हणालास. "पाटी कायले?"

सगळी सभा हसली. बाया पदराआडून हसल्या. मला ते लागलं.

"आन् तू मेल्यावर? तुह्या डोस्क्यातल्या जागा कोन पाहाले जाईन?"

"मेल्यावर सांगन."

"मेल्यावर कसा सांगशीन बे?"

"तू ये तर खरं. मंग पाहू."

सभेनं माझं ऐकलं. नाल्यापलीकडच्या एका जागेवर टिनाची पाटी लागली, हिरवी, पांढऱ्या अक्षरांत. मी स्वतः खांब रोवला. पुढच्या उन्हाळ्यात तिथे पाटी सोडून काही उरलं नाही. पाटीसुद्धा उरली नाही, कारण ती तू उचलून आणलीस आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलीस. मी तुझ्याकडे आलो की तू कोंबड्यांना हाक मारायचास, "या गा या, सरकारी बंगल्यात या." किती दिवस चालवलंस ते!

पण माझंही एक खरं झालं. पहाडीच्या मागची जागा तू कोणालाही सांगितली नव्हतीस. मला पण नाही. तिथे गिट्टीची खदान आली. मोजायला माणसं आली तेव्हा त्यांनी ग्रामसभेला विचारलं होतं, इथे काही आहे का? कोणी काही बोललं नाही, कारण कोणाला काही ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो बिडी ओढत बसला होता. महिन्याभरात मशीन चढली. सगळं खरडून गेलं, माती, कांदे, झुडपं, सगळं. तेव्हा तू मला सांगितलंस की तिथे होता, सगळ्यात जास्त तिथेच होता. मी तुझ्या अंगावर धावून गेलो. "सांगतलं असतं तं वाचलं असतं!" तू म्हणालास, "सांगतलं असतं तं पिकअपमंदी गेलं असतं." माझी जागा सांगून गेली, तुझी न सांगता गेली. पुढे इतकी वर्षं आपण तेच तेच बोलत राहिलो. तुझी घरवाली, सोमारी वैनी, म्हणायची, "दोघायचे दात पडले, पन हे भांडन नाई पडत."

एक गोष्ट मात्र आपण बोललो नाही. आज बोलतो.

त्या खदानीनंतरचा पावसाळा. मी पहाटे जाळं काढायला गेलो होतो. तू पाळीवरून येत होतास, खांद्यावर मोठी झोळी, भरलेली. झोळीतून हिरवी पानं बाहेर आली होती. कोलकांद्याची पानं मी ओळखतो. एकदोन नव्हते, झोळी वाकली होती. तू, जो एका वेळी एका लेकराच्या वर उचलत नाहीस.

"कुठी चालला गा?"

"बजारात."

त्या दिवशी बाजार नव्हता. मी म्हटलं, "पिकअपवाला तुलेबी भेटला वाटते."

तू उभा राहिलास. पाऊस बारीक होता. तू माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलंस की मला वाटलं झोळी माझ्या डोक्यात घालतोस. मग म्हणालास, "हो. मोटार घेतो आता एक. बसशीन का?" आणि निघून गेलास.

तो अख्खा पावसाळा आपण बोललो नाही. तू खुलासा केला नाहीस, मी मागितला नाही. मी मागणारा नाही आणि तू देणारा नाहीस. दिवाळीच्या पुढे तलावाची मोठी मासेमारी झाली, तुझ्या घरचा वाटा मी दुसऱ्याच्या हातानं पाठवला, मडक्यात घालून. दोन दिवसांनी मडकं परत आलं. धुतलेलं, आत राखेत भाजलेला अर्धा कोलकांदा. मी तेव्हा परत लंगडत होतो. तू कुठून पाहिलं होतंस कोण जाणे. मी तो कांदा टाचेला लावला आणि संध्याकाळी तुझ्या दारापुढे येऊन खाकरलो. "ये गा मासोळीवाले." झालं. त्या झोळीत काय होतं आणि कुठे चाललं होतं ते आपल्यामधे तसंच राहिलं, जसा घरात एखादा पाट उलटा पडून असतो आणि सगळे त्याला वळसा घालून जातात.

मग तुला लकवा मारला. गडचिरोलीच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा डावं अंग गेलेलं, आणि तोंडातून शब्द नाही. तू आणि शब्द नाही! मी रोज यायचो. तुझी खाट अंगणात, मी खाली. मी दोघांच्या वाटचं बोलायचो. मुद्दाम चुकीचं बोलायचो, पाळ फुटली तेव्हा मीच चालत होतो म्हणायचो, की तुला राग यावा आणि त्या रागात तरी एखादा शब्द सुटावा. नुसते डोळे मोठे करायचास.

शेवटच्या आठवड्यात तू एक नवीनच लावलंस. मी आलो की हनुवटी वर करायचास. जरा पुढे काढायचास. दक्षिणेला, नाल्याच्या तिकडे. तिकडे आहे काय? तुमच्या टोल्याची मसणवट. दुसरं काही नाही.

मी काय समजलो असेन? मी म्हटलं, "जाशीन, जाशीन. घाई कायची हाये? मी मोठा, आधी मी."

तू डोळे मिटलेस. मग उघडले, पुन्हा हनुवटी. मी पुन्हा म्हटलं, "असं अभद्र नाई बोलाचं." तू तर बोलतच नव्हतास. वैनी पाणी घेऊन आली, तिला वाटलं तहान लागली. तू ते पाणी थुंकलंस, थेट माझ्या धोतरावर. मी म्हटलं, "वैनी, याले काई झालं नाई. जोर हाये अजून." आणि आम्ही दोघं हसलो. तू आमच्याकडे पाहत राहिलास. तुझा उजवा हात चांगला होता, मंगरू. त्या हातानं तू माझं मनगट धरलंस आणि पुन्हा हनुवटी वर केलीस. मी तुझ्या हातावर हात ठेवून बसून राहिलो. मला वाटलं तू निरोप घेतोस.

तू गेलास तेव्हा मोहाची फुलं पडायला थोडे दिवस बाकी होते. झाडांवर कळ्या धरल्या होत्या.

तुमच्या रीतीनं तुला मातीत दिलं. मी तुमच्या जातीतला नाही, म्हणून बाजूला साजाच्या झाडाखाली उभा राहिलो. कोणी मला जा म्हटलं नाही, ये पण म्हटलं नाही. तसं उभं राहायचं मला ठाऊक आहे. चार पोरं खड्डा खोदत होती. पहिली कुदळ गेली, दुसरी गेली, मग एकजण म्हणाला,

"अबे, कांदे निंगून राह्यले!"

"कायचे कांदे?"

"पाह्य ना. हा बी, हा बी. सारे कांदेच कांदे."

"हात नको लावू बे, मसनातले हायेत. फेक तिकडे."

फावड्यानं मातीबरोबर ते एका बाजूला पडत होते. पांढरे. काही आख्खे, काही कुदळीनं मधोमध फाकलेले, त्यातून चिकट पाणी निघत होतं. पान नाही, फूल नाही, त्या दिवसांत वरून काहीच दिसत नाही त्याचं. मी झाडाला धरलं.

मग मला एकेक दिसायला लागलं. ती झोळी. बाजार नसलेला बाजार. खदानीची मशीन चढायच्या आधी, चढत असताना, तू तिथून जेवढे निघतील तेवढे काढून ठेवले असशील, आणि पावसाची वाट पाहून इथे आणले असशील, एक झोळी मी पाहिली, न पाहिलेल्या किती असतील. इथे, कारण इथे कोणी खोदत नाही. पिकअपवाला पैसे दाखवू दे नाहीतर सोनं दाखवू दे, मसणातला कंद कोणी उपटणार नाही. इथे खदान येणार नाही. उन्हाळ्यात दांडे उभे राहिले तरी पाहणारा मान फिरवून निघून जाईल.

आणि ती हनुवटी. मरणाकडे तू बोट दाखवलं असतंस, मंगरू. मरणाला तू घाबरत नव्हतास, त्याला हनुवटीचा मान दिला नसतास. तो मान जगात दोघांनाच, आणि नाल्याकडे वाघ नव्हता. एवढं मला कळायला हवं होतं. नाही कळलं. पण मी कान पकडणार नाही. तू तरी काय केलंस? इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलास, माझी मासोळी खाल्लीस, माझ्या तोंडून पिकअपवाल्याचा टोमणा ऐकलास आणि गिळलास, पण एक वाक्य बोलला नाहीस. बोलला असतास तर मी त्या पोरांना म्हटलं असतं, चार हात बाजूला खोदा रे. तू जागा शोधलीस अशी की जिथे माणसासाठी सोडून दुसऱ्या कशासाठी कोणी खोदत नाही. आणि तो माणूस तूच निघालास! तुझे कांदे तुझ्याच खड्ड्यानं कापले. हे भांडण आपण आणखी वीस वर्षं भांडलो असतो, आणि मी जिंकलो असतो.

तेव्हाच ओरडावं असं मनात आलं. तोंड उघडलं पण होतं. पण कसं सांगू? पोरांसमोर, पाहुण्यांसमोर, दहा गावची माणसं. तू जन्मभर राखलेली जागा तुझ्याच मातीवर उभं राहून जाहीर करू? मी पुन्हा तोच पाटीवाला शिवराम? मी तोंड मिटलं. हे सगळं लिहितानाही आपल्या गावाचं नाव मी कुठे घातलेलं नाही. तेवढं तुझं ऐकलं.

माती लोटली, दगड ठेवले. तुझी झोळी आणि पाण्याचा भोपळा वर झाडाला टांगला. मग सगळे निघाले. निघताना मागे पाहायचं नाही, हे आमच्यातही आहे आणि तुमच्यातही. तलावावर सगळ्यांनी अंघोळ केली, मी पण केली, माझ्याच घाटावर परक्यासारखी. पण मागे मी पाहिलं होतं. साजाखालून दिसत होतं, मातीच्या कडेला ते पांढरे तसेच पडले होते. एक दिवस ऊन लागलं तरी आख्खे जगतील. फाकलेल्यांचं सांगता येत नाही.

कर्म होईपर्यंत तिकडे कोणी फिरकायचं नसतं. माझ्या घरात विचारणारं कोणी नाही. भात शिजवला, खाल्ला नाही. भिंतीशी बसून राहिलो. तुझ्यामागे या गावात मला "तू चुकला" म्हणणारं कोणी राहिलं नाही. सगळे "हो बाबा" म्हणतात. "हो बाबा" ऐकत किती वर्षं काढायची असतात माणसानं?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या बेतात उठलो, लहान सब्बल घेतली आणि नाला ओलांडला. तुझ्यापाशी बसलो नाही. काम होतं. आख्खे वेगळे केले, फाकलेले वेगळे केले. तुझ्या चहूबाजूंनी जागा सोडून, झाडाच्या बुडाशी, जिथे उद्या कोणासाठी खड्डा पडायचा नाही अशा बेतानं लावले. मान वर ठेवून, माती ओढून, टाचेनं दाबून. तीच टाच. फाकलेल्यांना पण लावलं. जगले तर जगले. मोजले नाहीत, तू मोजत नव्हतास. पानं येतील तेव्हा पावसात कळेल, आणि पावसापर्यंत मला जगावं लागेल, ही एक नवी कटकट तू माझ्यामागे लावून गेलास.

परत येईपर्यंत हातांना आग सुटली. कापलेल्या कांद्याचं पाणी काय करतं ते मी विसरलोच होतो. बोटांच्या बेचक्यांतून कोपरापर्यंत खाज. तुझ्या घरापुढे आलो आणि सवयीनं खाकरलो. अंगणात वैनी एकटीच बसली होती, पाहुणे उठायचे होते.

"काऊन भाऊजी," ती म्हणाली, "हात काऊन खाजवून राह्यले?"

"काई नाई. जाळ्याले शेवाळ होतं."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग पायांकडे पाहिलं. तलावाचा चिखल काळा असतो, माझ्या पायांना लाल माती होती. ती उठली, आत गेली, आणि चिंच भिजवलेल्या पाण्याची वाटी आणून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. तिथेच तुझी असायची. मी किती वेळा पाहिली होती ती वाटी तिथे, मला वाटायचं आंबिलीसाठी आहे.

"त्यायलेबी," ती म्हणाली, "पावसाळाभर शेवाळच लागे."

मी वाटीत हात बुडवले. थंड लागलं. हातांची आग उतरायला लागली. खुराड्यात, तुझ्या हिरव्या पाटीखाली कोंबड्या कुरकुरत होत्या.

मग मी म्हटलं, "वैनी, पुढच्या खेपेले पोरायले म्हनाव, तिथी पाहून खोदा जरा."

"कुठी?" ती म्हणाली, चेहऱ्यावर काही न आणता, अगदी तुझ्यासारखी.

ओला हात वर आला होता, बोट निघालं होतं. ते मी खाली घेतलं, आणि हनुवटी वर केली.